लोकरीचा कोट आणि वैशाखाचे ऊन

दिवाळी अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक संकेत आहे. एका हाताने चकली मोडावी, दुसऱ्या हाताने पान उलटावे आणि अंक आधी कोणी वाचायचा यावरून घरात थोडी ओढाताण व्हावी, अशा वेळी लेखकाने हसतमुखाने समोर यावे, हे मलाही मान्य आहे. पण यंदा मला भांडायचेच आहे. माझे भांडण कोणा एका माणसाशी नाही. आमच्या गावात, तालुक्यात आणि आता महाराष्ट्रभर शिरलेल्या एका हौसेशी आहे. या हौसेच्या पापात माझाही वाटा आहे, तो कबूल करूनच मी तोंड उघडतो.

आमचे गाव नेवासे. प्रवरेच्या काठी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैस खांब इथलाच. तालुक्याला मुळेचे आणि जायकवाडीच्या फुगवट्याचे पाणी मिळाले. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. उसाबरोबर चार पैसे आले. पैशांबरोबर वस्तीवर स्लॅबची घरे आली, घरापुढे गाडी आली. आणि आता गाडीशेजारी साखळीला बांधलेला, निळ्या डोळ्यांचा, लांडग्यासारखा दिसणारा, अंगभर लोकर वागवणारा एक कुत्रा आला. त्याला हस्की म्हणतात. पूर्ण नाव सायबेरियन हस्की. नावातच पत्ता दिलेला आहे. पण पत्ता वाचतो कोण?

आमच्या शेजाऱ्यांना आपण अण्णा म्हणू. माणूस कष्टाळू, दिलदार, कोणाच्याही अडीनडीला धावणारा. दोन वर्षांमागे पाडव्याला त्यांनी असे एक पिल्लू आणले. किंमत एका बऱ्या दुभत्या गाईइतकी. अण्णांची मुलगी माझ्याच वर्गात. ती ते पिल्लू उराशी धरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्ही गोष्टी लिहिता ना? मग याला नाव सुचवा." मी मोठ्या ऐटीत सांगितले, "हिमालय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूष झालो. हिमालयाला नेवाशात आणून बांधणे म्हणजे काय, हा प्रश्न मला त्या क्षणी पडला नाही. मास्तरलाच पडला नाही, तर पोरांना कसा पडावा?

थंडीचे दिवस बरे गेले. होळीनंतर कुत्रा सावल्या शोधू लागला. चैत्र लागला तसा तो खाईनासा झाला. दुपारी मान वर करून लांबलचक सूर काढी. या जातीला भुंकण्यापेक्षा आळवण्याची सवय जास्त. घरच्यांना वाटले, गातोय! मोबाइलवर त्याची चित्रफीत निघाली, पाहुण्यांना पाठवली गेली, पाहुण्यांनी पुढे पाठवली. माझ्याकडेही आली. मीही हसलो, आणि शाळेत चार जणांना दाखवली.

गेल्या वर्षी वैशाखात घरची सगळी मंडळी एका लग्नाला गेली. कुत्र्याला पत्र्याच्या पडवीत बांधले होते. पाण्याची घमेली भरलेली होती, पंखा चालू होता. हयगय म्हणावी अशी कोणी केली नव्हती. अकराला वीज गेली. पत्रा तापला. घमेल्यातले पाणी त्याने पायाने उलथून त्यात अंग भिजवायचा प्रयत्न केला असावा, कारण घमेले पालथे सापडले. चारला मंडळी परतली तेव्हा तो आडवा पडला होता. जीभ काळीनिळी, तोंडाला फेस. डॉक्टर येईपर्यंत संपला होता. रात्री मी भेटायला गेलो. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "गुरुजी, तो गात नव्हता हो. तो सांगत होता."

वाचकहो, या वाक्याला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. प्राणिशास्त्राचा पंडित नव्हे. पण त्या रात्रीनंतर मी वाचले, विचारले, समजून घेतले. आणि कळले ते असे की, हे कळायला पंडित असण्याची गरजच नव्हती. घरातला माठ पाहिला असता तरी पुरे होते.

माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. आपण माणसे म्हणजे चालतेबोलते माठ. सर्वांगाला घाम येतो, घाम वाळतो, अंग निवते. कुत्र्याचे तसे नाही. त्याला घाम येण्याची जागा म्हणजे पंजांचे तळवे, तीही नावापुरती. बाकी सगळा कारभार तोंडावर. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या आणि आतली उष्णता श्वासावाटे घालवायची, एवढाच त्याचा उपाय. म्हणजे कुत्रा हा पाझरणारा माठ नाही. तोंडापुरता उघडा असलेला पितळी तांब्या आहे. आता त्या तांब्याला घोंगडी गुंडाळा. एक नव्हे, दोन. आत मऊ, दाट लोकर आणि वर राठ, लांब केस, असा या जातीचा दुहेरी कोट असतो. बाहेर पारा शून्याखाली चाळीस अंश असताना आतली ऊब आतच राहावी, यासाठी तो कोट घडला. ऊब बाहेर जाऊ न देणे हेच त्याचे काम. आमच्याकडे बाहेर शून्याच्या वर चाळीस अंश असतात, तेव्हाही अंगात जमलेली उष्णता तो सहजी बाहेर जाऊ देत नाही. नोकर इमानी आहे. मालकाने त्याला भलत्या ठिकाणी नेमले आहे.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान आपल्यापेक्षा थोडे चढेच, शंभर-एक ते एकशे दोन अंश फॅरनहाइटच्या आसपास. ते एकशे सहाच्या वर गेले की उष्माघात. मग मेंदू, मूत्रपिंडे, आतडी, एकेक अवयव हात टेकू लागतो. धापा टाकण्याचा उपायही हवेत दमटपणा असला की लंगडा पडतो. म्हणून मुंबईकरांनी आपल्याकडे नगरइतके ऊन नाही म्हणून हुरळून जाऊ नये.

या गोष्टीची दुसरी बाजू इतिहासात आहे, आणि ती मुलांनी जरूर वाचावी. १९११ साली दक्षिण ध्रुवाकडे दोन पथके निघाली. नॉर्वेच्या आमुंडसेनने ग्रीनलंडची कुत्री नेली. इंग्रज स्कॉटने कुत्र्यांबरोबर तट्टेही नेली आणि भरवसा तट्टांवर अधिक ठेवला. तट्टांना सर्वांगाला घाम येई आणि तो कातडीवरच गोठे. स्कॉटची तट्टे ध्रुवापर्यंत पोचलीच नाहीत. कुत्र्यांना अंगावर घाम नाही, म्हणून त्यांच्या कोटावर बर्फ नाही. आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचला. म्हणजे ज्या गुणावर बर्फ जिंकता आला, नेमका तोच गुण नेवाशाच्या उन्हात गळफास होतो.

आणि हस्कीचा पराक्रम काय सांगावा! ईशान्य सैबेरियातल्या चुकची लोकांनी त्याच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. हलके ओझे, लांबचा पल्ला, थोडे खाणे, असे ते काम. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. पोरे दगावू लागली. औषध होते शेकडो मैलांवर. विमानाने नेण्याची सोय नव्हती. वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने सुमारे पावणेसातशे मैलांचा बर्फ तुडवून साडेपाच दिवसांत ते औषध पोचवले. त्यांपैकी टोगो आणि बाल्टो ही नावे जगभर झाली. बाल्टोचा पुतळा न्यूयॉर्कच्या बागेत त्याच वर्षी उभा राहिला. अशा कुळातल्या वीराला आपण काय काम दिले? गेटजवळ बसून जिल्हा परिषदेच्या सदस्यांना शोभा दाखवण्याचे!

आता मला जी उत्तरे मिळतात, ती एकेक घेतो.

पहिले उत्तर: "गुरुजी, हे पिल्लू सैबेरियातलं नाही, इथंच जन्मलंय. त्याला सवय झालीय." सवय निराळी आणि जात निराळी. चार आठ दिवसांत अंगाला हवा थोडी मानवते, उन्हाळ्यात थोडे केस झडतात, हे खरे. पण शेकडो वर्षांत घडलेला कोट दोन-चार पिढ्यांत उतरत नाही. सफरचंदाचे रोप प्रवरासंगमाला लावले म्हणून त्याची बाभूळ होईल काय?

दुसरे उत्तर: "उन्हाळ्यात आम्ही त्याचे केस भादरून टाकतो." उपाय रोगाहून वाईट! तोच कोट उन्हाचा थेट मारा काही प्रमाणात अडवतो. तो काढला की उघडी कातडी भाजते, आणि पुन्हा केस येतात ते पुष्कळदा वेडेवाकडे. पशुवैद्य विंचरून मोकळे केस काढायला सांगतात, वस्तरा चालवायला नव्हे.

तिसरे उत्तर श्रीमंती थाटाचे: "आम्ही त्याला एसी लावलाय." धन्य! पण वीज गेली म्हणजे काय? आणि वीज राहिली तरी काय? दिवसाला मैलोगणती धावण्यासाठी जन्मलेल्या जनावराला चैत्र ते ज्येष्ठ एका खोलीत कोंडणे याला लाड म्हणायचे की कैद? कैद्याची कोठडी गार असली म्हणून ती कोठडी राहत नाही की काय?

चौथे उत्तर एका शिकलेल्या गृहस्थांनी दिले आणि ते ऐकण्याजोगे आहे. ते म्हणाले, "सैबेरियातही उन्हाळा असतो." असतो. २० जून २०२० रोजी तिथल्या वेर्खोयान्स्क गावी पारा अडतीस अंशांवर गेला होता. पण त्याची नोंद आर्क्टिक प्रदेशातला उच्चांक म्हणून जगाने घेतली! अडतीस अंशांची जगाने दखल घ्यावी असा तो मुलूख. आमच्याकडे मे महिन्यात पारा अडतीसवर आला तर बायाबापड्या म्हणतात, आज जरा बरं वाटतंय.

शेवटचे उत्तर सगळ्यात खरे, आणि म्हणून सगळ्यात अवघड: "आमचा त्याच्यावर फार जीव आहे हो." आहे, यात शंका नाही. अण्णांचाही होता. हिमालय गेला त्या रात्री या धिप्पाड माणसाला मी उपरण्यात तोंड लपवून रडताना पाहिले आहे. पण जीव लावणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या संतांनी दाखवून ठेवले आहे. पैठण इथून जवळ. काशीची कावड रामेश्वराला नेत असताना तहानेने तडफडणारे गाढव दिसले, तेव्हा एकनाथांनी ते गंगाजल त्याच्या तोंडी ओतले. गाढवाला काय हवे ते पाहिले. आपल्याला गाढव कसे शोभेल ते पाहिले नाही. नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. आम्ही कुत्र्यामागे धावतो मोबाइल घेऊन.

आणि धर्मराजाची कथा? तो हिमालय चढत होता, कुत्रा आपल्या पायांनी त्याच्यामागून चालत होता. आणि त्या कुत्र्याला टाकून स्वर्गातही यायला धर्मराजाने नकार दिला. कुत्र्याला आपल्या सुखात ओढत नेणे वेगळे आणि त्याच्या सुखासाठी आपले सुख अडवून धरणे वेगळे. त्याने दुसरे केले. आम्ही पहिले करतो आणि त्याला प्रेम म्हणतो.

बरे, अंटार्क्टिकातच पाहा. जिथे या कुत्र्यांनी इतिहास घडवला, त्या बर्फाच्या खंडावरूनही ती हलवली गेली. १९९१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ठरले की, कुत्री ही त्या भूमीची नव्हेत, तिथल्या प्राण्यांना त्यांच्यापासून धोका आहे. १ एप्रिल १९९४ पर्यंत ती बाहेर न्यावीत. बर्फाच्या मुलखाने विचार केला की, हे जनावर इथले आहे की नाही. उन्हाच्या मुलखात हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

कायदा काय म्हणतो? रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आग्रह धरल्यावर १९६० साली प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायदा झाला. ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने त्याच्या सुखरूपतेची काळजी घेतलीच पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मात्र छळाबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड ठरला दहा ते पन्नास रुपये! पिल्लाची किंमत हजारांत आणि त्याच्या हालाची किंमत पन्नास रुपये. २०१६ साली केंद्र सरकारने व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणायला मनाई केली. २०१७ साली पैदास व विक्रीचे नियम झाले. पण पैदास देशातच होऊ लागल्यावर बंदरावरची चौकी काय करणार? २०२४ साली तामिळनाडूने कुत्र्यांच्या पैदाशीचे धोरण मांडले, तेव्हा त्यात सायबेरियन हस्की, अलास्कन मालाम्यूट, सेंट बर्नार्ड अशा, इथली हवा न सोसणाऱ्या जातींची पैदास नको, असा विचार पुढे आला. हा विचार महाराष्ट्रालाही करता येईल. विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा काही मद्रासपेक्षा सौम्य नाही. विधिमंडळात कुत्र्यांवर बोलणे कमीपणाचे वाटत असेल, तर उन्हावर बोला, पण बोला.

तोवर आपण, घरोघरची माणसे, एक गोष्ट करू शकतो: विकत घ्यायचे नाही. मागणी आटली की पैदास आटते. मागे एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एक चपट्या नाकाचा कुत्रा पोरामागून धावताना दिसला, तर शहरोशहरी तसल्या कुत्र्यांची रीघ लागली. त्या बिचाऱ्यांना तर नाकच अपुरे. उन्हात श्वास घेण्याची मारामार. जाहिरात गेली, कुत्री राहिली, त्यांची धाप राहिली. सिनेमात बर्फावर धावणारा हस्की पाहून पोरगा हट्ट धरतो. त्या वेळी बापाने 'आणू' म्हणण्याआधी अंगणातल्या उन्हात दुपारी एक वाजता रजई पांघरून दहा मिनिटे उभे राहावे. मग काय ते ठरवावे.

ज्यांच्या घरी असा कुत्रा आधीच आहे, त्यांना मी दोष देऊन मोकळा होणार नाही. त्याला रस्त्यावर मात्र सोडू नका; ते पाप दुप्पट. पहाटे आणि रात्री उशिरा फिरवा, दुपारी नाही. हाताचा पंजा रस्त्यावर टेकवून पाहा. तुम्हांला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. पत्र्याखाली बांधू नका. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि एक भांडे असे ठेवा की पालथे होणार नाही. घरात माणूस नसताना त्याला एकटे सोडू नका. धाप थांबेना, लाळ गळू लागली, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटले, तर डॉक्टरची वाट पाहत बसू नका. सावलीत आणा, अंगभर गार पाणी ओता, वारा घाला आणि मग डॉक्टरकडे धावा. पडवीतले पालथे घमेले पाहून हे सगळे मला समजले. तुम्हांला ते तसे समजायला नको.

आणि कुत्रा हवाच असेल तर? अहो, आपल्याकडे कुत्र्यांचा दुष्काळ कधी होता? शेजारच्या शनिशिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची परंपरा. तिथेही ओसरीवर कुत्रा असतोच. तालुक्यातल्या देवगडला दत्त आहेत. दत्ताच्या पायांशी चार कुत्री. खंडोबाबरोबर कुत्रा. त्यांतल्या एकाच्याही अंगावर लोकर कोणा चिताऱ्याने काढलेली नाही. घोरपड्यांच्या मुधोळचा शिकारी कुत्रा पाहा: उभा, सडपातळ, आखूड केसांचा, उन्हातान्हात मैलोगणती पळणारा. टपाल खात्याने २००५ साली त्याचे तिकीट काढले. सैन्याने त्याला शिकवून पाहिले. आमच्या धनगरांची कुत्री रात्रभर मेंढरे राखतात.

इतके दूर तरी कशाला जावे? आपल्या गल्लीतला साधा गावठी कुत्रा वैशाखातल्या दुपारी पाहा. लिंबाच्या बुडाशी पायाने ओली माती उकरतो, तिच्यात पोट टेकून पडतो, ऊन उतरले की उठतो. एसी नाही, डॉक्टर नाही, चित्रफीत नाही. या मातीत राहायचे कसे, हे त्याला त्याच्या आईने, आणि आईला या मातीने शिकवले आहे. त्याला एक भाकरी, एक लस आणि एक हाक, एवढेच हवे असते. पण तो फुकट मिळतो, हीच त्याची मोठी खोट. फुकट मिळणाऱ्या वस्तूचा तोरा पाहुण्यांपुढे मिरवता येत नाही ना!

मूळ भांडण आहे ते इथे. आपल्याला कुत्रा हवा असतो की कुत्र्याची किंमत? सोबती हवा असतो की शोभा? ज्या गावी भूतमात्राच्या कल्याणाचे पसायदान मागितले गेले, त्या गावच्या माणसाने निदान एवढा प्रश्न स्वतःला विचारावा.

दसऱ्याला अण्णा सोने द्यायला आले. हातात आपट्याची पाने ठेवून म्हणाले, "गुरुजी, पाडव्याला नवं पिल्लू आणायचं चाललंय. त्याच जातीचं. पोरीचं मन रमंल. यावेळी नाव जरा थंडपैकी सुचवा." मी गप्प राहिलो. सणाच्या दिवशी, दारात आलेल्या माणसाला काय बोलावे? मुलगी त्यांच्यामागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

अण्णा, तुम्ही हा अंक दरवर्षी घेता, हे मला माहीत आहे. त्या दिवशी मी बोललो नाही, आज बोलतो. नाव मी सुचवणार नाही. शाळेमागच्या ओढ्यालगत एक काळी कुत्री व्याली आहे. चार पिल्ले आहेत, डोळे उघडलेत, आखूड केसांची आहेत. अजून ती आईला पितात. दीडेक महिन्याने सुटी होतील. तोवर पाडव्याच्या सकाळी मुलीला घेऊन नुसती बघायला या. त्यांतले कोणते न्यायचे ते तिलाच ठरवू द्या, आणि नावही तीच ठेवील. तिला नावे ठेवण्यातले माझ्यापेक्षा जास्त कळते.